घोडी राहत नाही? आधी तारखा लावा, मग रक्त काढा

"साहेब, घोडी राहीना. तीनदा घोडा दाखवला, तिन्ही वेळेला उलटली. रक्त तपासून हार्मोनचं काय ते बघा अन् एखादं इंजेक्शन द्या." माळेगावची यात्रा, म्हणजे आपला घोड्यांचा बाजार, उरकली की महिना-दीड महिन्यात नांदेड, परभणी, लातूरकडून असे फोन सुरू होतात, ते थेट पाऊस पडेपर्यंत. बोलणारा कधी वरातीला घोडी देणारा असतो, कधी हौसेनं मारवाडी-काठेवाडी पाळणारा, कधी वाड्याबरोबर हिंडणारा धनगर. तक्रार तीच, घोडी गाभण राहत नाही, पुन्हा माजावर येते, म्हणजे उलटते. आणि बहुतेकांनी फोन करायच्या आधीच कुणाकडून तरी एखादं इंजेक्शन टोचून घेतलेलं असतं.

हार्मोनची तपासणी उपयोगाची आहे, गुणसूत्रांचीही आहे. पण अवेळी केली की पैसे जातात आणि वर उलटाच निष्कर्ष पदरात पडतो. धडधाकट घोडी वांझ म्हणून कवडीमोलानं विकली जाते, आणि जिला जन्मात कधी शिंगरू होणार नाही ती वर्षानुवर्षं इंजेक्शनं खात दावणीला उभी असते. दोन्ही प्रकार आपल्या भागात सर्रास घडतात, म्हणून कोणत्या घोडीला कोणती तपासणी आणि कधी, हे एकदा सविस्तर लिहितो.

ती आधी कधी व्यायली आहे का?

पुढचा सगळा रस्ता या एका उत्तरावर ठरतो. जी घोडी एकदा तरी व्यायली आहे आणि आता राहत नाही, तिच्यात जन्मजात दोष निघण्याची शक्यता फारच कमी. तिथं गर्भाशयाचा दाह, निरणाची (योनीच्या तोंडाची) ठेवण, वय, खुराक आणि ज्या घोड्याकडून भरवली तो घोडा, हे आधी पाहायचं. दुसरी घोडी चार वर्षांची होऊन गेली तरी कधी नीट माजावरच आली नाही, किंवा आली तरी धड ठिकाणा नाही. तिच्या बाबतीत गुणसूत्रांचा विचार लवकर करावा. तिसरी राहते पण टिकवत नाही, म्हणजे पंधराव्या दिवशी सोनोग्राफीत गर्भ दिसतो आणि चाळिसाव्या दिवशी गर्भाची पिशवी रिकामी. मालक मात्र तिघींनाही "राहत नाही" एवढंच म्हणतो.

यात्रेत घेतलेल्या घोडीचा मागचा इतिहास विकणाऱ्याच्या तोंडून आलेला असतो. "दोन वेत झालेत" हे ऐकून घ्यावं, पण कागदावर लिहू नये. सडांची लांबी, पिशवीचा सैलपणा यावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

थंडीत घेतलेलं रक्त

म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. घोडीचं नेमकं उलट, तिला मोठा दिवस लागतो. रात्र लांबली की मेंदूतलं मेलाटोनिन वाढतं, त्यानं मेंदूकडून बीजांडकोशांना येणारा हुकूम मंदावतो आणि बीजांडकोश गप्प बसतात. थंड देशांत हे अगदी काटेकोर असतं. आपण १९ अंश अक्षांशाच्या आसपास, इथं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. त्यामुळे अंगानं चांगली भरलेली घोडी आपल्याकडे हिवाळ्यातही माज दाखवू शकते आणि नुसत्या कडब्यावर काढलेली घोडी दिवाळीनंतर बंद पडते ती शिमग्यापर्यंत.

आता माळेगावची यात्रा येते मार्गशीर्षाच्या शेवटी, डिसेंबर-जानेवारीत. नेमके सर्वांत लहान दिवस. घोडी टेम्पोतून आलेली, वैरण बदललेली, जागा नवी. अशा घोडीची जानेवारीत तपासणी केली तर बीजांडकोश लहान आणि टणक लागतात, पिशवी ढिली, बीज सुटल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन १ नॅनोग्रॅमच्या खाली. आणि ज्या घोडीत एक एक्स गुणसूत्रच कमी आहे, म्हणजे जी जन्मजात वांझ आहे, तिचं चित्रही हुबेहूब असंच असतं! थंडीतल्या एका तपासणीवर घोडीला वांझ ठरवू नका, एवढं जरी पाळलं तरी बरीच भांडणं मिटतील. तीच घोडी एप्रिल-मेमध्ये, अंगावर मांस चढल्यावर, पुन्हा पाहायची.

मधला काळ आणखी फसवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये घोडी दोन-दोन, तीन-तीन आठवडे सलग माज दाखवते. घोडा घेते, शेपूट वर करते, मालक खूश. पण या दिवसांत फॉलिकल, म्हणजे बीज असलेले फुगे, वाढतात आणि न फुटताच विरून जातात. बीजच बाहेर पडत नाही, मग राहील कशी? "तीनदा दाखवला, तिन्ही वेळेला उलटली" यातले निम्मे किस्से या दिवसांतले असतात. यात रोग कसलाच नाही. वर्षातलं पहिलं बीज सुटलं की पुढं २१-२२ दिवसांची पाळी आपोआप बसते, त्यात माज ५ ते ७ दिवसांचा.

लवकर भरवायची घाई असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून रोज १६ तास प्रकाश द्यावा. दिवा एवढा लख्ख हवा की ठाणात कुठंही उभं राहून पेपर वाचता यावा. परिणाम दिसायला दोन ते अडीच महिने जातात. आपल्याकडे लाईटीचा खेळखंडोबा असल्यानं हा उपाय अर्ध्यावर सोडला जातो, म्हणून करायचा तर आधी बॅटरीची सोय करा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवणं मात्र प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, अंग एवढं असावं. दुष्काळी सालात हाडं दिसणाऱ्या घोडीची हार्मोन तपासणी म्हणजे पैशाचा चुराडा. कारण समोर उभंच असतं.

नळी भरायच्या आधी

गायी-म्हशींची सवय झालेले लोक घोडीतही सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, शोधतात. घोडीला तसा सोट येत नाही. ती माज दाखवते फक्त घोड्याला. घोडा समोर आणला की मागचे पाय फाकवते, शेपूट बाजूला घेते, थोडं थोडं मुतते आणि निरणाची उघडझाप करते. वरातीची एकटीच घोडी दारात बांधलेली, आसपास घोडा नाही, तर तिचा माज कुणाला दिसणार? शिंगरू अंगाशी असलेली घोडी तर घोड्यापुढंही कधी कधी माज दाबून धरते. तेव्हा "माजच करत नाही" असं म्हणण्याआधी एक दिवसाआड घोडा दाखवा आणि काय दिसलं ते तारखेसह लिहून ठेवा. मधे फाटक किंवा भक्कम आडोसा हवा, नाहीतर लाथेनं घोडा जायबंदी होतो.

मग सोनोग्राफी. ज्याच्याकडे सोनोग्राफी करून घेण्याची सोय आहे त्याची निम्मी रक्त तपासणी वाचते. कोणता फॉलिकल किती मोठा, पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी होणारी गाठ) आहे की नाही, पिशवीत पाणी साठलंय का, हे तिथल्या तिथं कळतं. व्यायलेल्या घोडीत न राहण्याचं सर्वांत मोठं कारण गर्भाशयाचा दाह आहे आणि तो हार्मोनच्या अहवालात कधीच दिसत नाही. त्यासाठी पिशवीतला स्वॅब, पेशींची तपासणी आणि गरज पडली तर आतल्या अस्तराचा तुकडा काढून पाहावा लागतो. निरणाची वरची बाजू आत ओढली गेली असेल तर लीद आणि हवा थेट आत जाते. घोडी दुडकी धावताना मागून फसफस आवाज येतो का, ते ऐका. असेल तर निरणाचा वरचा भाग शिवून घेणं हाच उपाय, हार्मोन नव्हे.

पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट. मोठ्या चावऱ्या माश्या वाढल्या की सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवींचा रोग, येतो. ताप येतो-जातो, घोडी खाऊनही वाळते, डोळ्यांच्या आतली कातडी पांढुरकी पडते, पोटाखाली आणि पायावर सूज. अशी घोडी माज करत नाही, गाभण असेल तर गाभडते. आधी सर्रा तपासा. आणि घोडाही तपासा. हंगामात त्याच्याकडून किती घोड्या भरवल्या आणि त्यातल्या किती राहिल्या, हे विचारायला लाजू नका. तोच घोडा दाखवलेल्या पाच घोड्या उलटल्या असतील तर पाचही मालकांनी आपापल्या घोडीचं रक्त काढत बसण्यात काय अर्थ?

प्रोजेस्टेरॉन वाचायचं कसं

बीज सुटलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. १ नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या वर म्हणजे पीतपिंड कामावर आहे, खाली म्हणजे नाही. तपासणीचा अर्थ एवढाच. त्यामुळे तारीख नसलेला एकटा आकडा निरुपयोगी आहे. ०.४ आला तर घोडी माजावरही असू शकते, बंदही पडलेली असू शकते आणि जन्मजात वांझही असू शकते.

सोनोग्राफी नसेल तर दर आठवड्याला एक, असे चार नमुने घ्या. पाळीतला कमी प्रोजेस्टेरॉनचा काळ साधारण आठवडाभराचा असतो, म्हणून आठवड्याच्या अंतरानं गेलं तर एखादा नमुना त्यात सापडतोच. काही आकडे खाली आणि काही वर आले तर घोडीची पाळी चालू आहे. दोष माज ओळखण्यात, भरवण्याच्या दिवसात किंवा पिशवीत आहे. चारही वर आले तर एक तर ती गाभण आहे किंवा पीतपिंड विरायचं विसरून बसला आहे. चारही खाली आले आणि तेही मे-जूनमध्ये, चांगल्या अंगाच्या घोडीत, तर आता खरा तपास सुरू होतो. तो पुढं येतो.

अडून बसलेल्या पीतपिंडावर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन छान काम करतं. तीन-चार दिवसांत घोडी माजावर येते. पण पीतपिंड नसेल तर ते पाण्यासारखं वाया जातं आणि घोडी गाभण असेल तर गाभ पडतो. हे इंजेक्शन घोडीची तपासणी न करता, नुसतं फोनवर ऐकून दिलेलं मी वारंवार पाहतो. दिल्यावर घोडीला दरदरून घाम येतो, पोट दुखल्यासारखी लोळते, तासाभरात सावरते. मालक घाबरतो, पण त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. गरोदर बाईनं किंवा दम्याच्या माणसानं ही बाटली हाताळू नये, कातडीतूनही औषध अंगात जातं.

दुसरं आवडतं इंजेक्शन म्हणजे गाभ टिकवण्यासाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट. बायकांना देतात म्हणून घोडीलाही देतात. घोडीत ते गाभ टिकवत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. घोडीसाठी तोंडावाटे देण्याचं आल्ट्रेनोजेस्ट वेगळं, आणि तेही सोनोग्राफी करून, कारण कळल्यावर. कोणतंही प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते तपासणीच्या कागदावर लिहा, नाहीतर नळीत औषधाचाच आकडा मोजला जाईल.

प्रयोगशाळेबद्दल थोडं. प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉनचा रेणू माणसात आणि घोडीत एकच, त्यामुळे शहरातली माणसांची लॅबही ते मोजू शकते. फक्त एकक पाहा. काही लॅब नॅनोमोल प्रति लीटरमध्ये देतात, त्याला ३.१८ नं भागलं की नॅनोग्रॅम येतात. ३ वाचून "भरपूर आहे" म्हणाल आणि असेल १ पेक्षा कमी. साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्या, जेलची नळी नको, आणि सीरम लवकर वेगळं करा. प्रथिन जातीचे हार्मोन मात्र प्राण्यागणिक वेगळे असतात. मेडिकलमध्ये मिळणारी गरोदरपणाची पट्टी घोडीला चालत नाही, कितीही वेळा बुडवा.

रक्त म्हणतं गाभण, पोटात काहीच नाही

घोडीत ३५ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या काही पेशी पिशवीच्या अस्तरात घुसतात, तिथं वाटीसारखे उंचवटे तयार करतात आणि ईसीजी नावाचं हार्मोन सोडतात. गर्भ ४५ व्या दिवशी मेला तरी हे उंचवटे जागेवरच राहतात आणि साधारण १२० दिवसांपर्यंत रक्तात ईसीजी सोडत राहतात. अहवाल "गाभण" येतो, घोडी माज करत नाही, मालक डोहाळे पुरवतो आणि श्रावणात कळतं की पिशवी रिकामी आहे. त्या हंगामात मग सहसा काही करता येत नाही. म्हणून १४ ते १६ व्या दिवशी एक सोनोग्राफी, जुळं असेल तर तेव्हाच एक गर्भ दाबून टाकता येतो, आणि ३० व्या दिवशी, म्हणजे उंचवटे तयार व्हायच्या आत, दुसरी. घोडी जुळी पोसत नाही, बहुतेक वेळा दोन्ही टाकते.

खेचरासाठी गाढव दाखवलेल्या घोडीत ईसीजी फार कमी येतं आणि लवकर ओसरतं, म्हणून तिथं उलटी चूक होते. रक्त "गाभण नाही" म्हणतं आणि पोटात खेचर वाढत असतं. गर्भ जिवंत आहे का, हे पुढच्या महिन्यांत रक्तातल्या इस्ट्रोन सल्फेटवरून कळतं, साधारण १०० दिवसांनंतर, कारण ते तयार व्हायला जिवंत गर्भच लागतो.

घोडी घोड्यासारखी वागते तेव्हा

मान जाड होत चाललेली, दुसऱ्या घोड्यांवर चढते, चावायला धावते, किंवा कित्येक महिने माजच नाही, किंवा सतत माजावर. अशी घोडी आली की आधी ती गाभण नाही ना, हे पाहा. गाभणपणात टेस्टोस्टेरॉन आणि इन्हिबिन (बीजांडकोशातून येणारं हार्मोन) दोन्ही वाढतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या गाभण घोडीचे बीजांडकोश असेही मोठे असतात.

गाभण नसेल तर बीजांडकोशातली ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ मनात आणावी. सोनोग्राफीत एक बीजांडकोश मोठा, आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, आणि दुसऱ्या बाजूचा चिमुकला, निपचित. गाठीतून येणारं इन्हिबिन दुसऱ्याला गप्प करतं. ही जोडी दिसली की निदान जवळजवळ झालंच. खात्रीसाठी रक्तात एएमएच हे हार्मोन पाहावं. या गाठीसाठी तेच सर्वांत भरवशाचं आहे आणि ते पाळीनं वा गाभणपणानं फारसं बदलत नाही. टेस्टोस्टेरॉन अशा घोड्यांपैकी साधारण निम्म्यांतच वाढलेलं असतं, म्हणून ते नेहमीसारखं आलं तरी गाठ नाही असं म्हणू नये. एएमएचसाठी मात्र ती लॅब घोड्याच्या नमुन्यावर ही तपासणी करते का आणि त्यांच्याकडे घोडीच्या मर्यादा आहेत का, हे आधी विचारा.

नुसता एक बीजांडकोश मोठा, पण घोडी वेळेवर माजावर येते आणि हार्मोन ठीक, तर ती बहुधा रक्ताची गाठ. काही आठवड्यांत आपोआप लहान होते, तिला हात लावू नये. खरी गाठ असेल तर तो बीजांडकोश काढणं हाच इलाज. काढल्यावर दुसरा जागा व्हायला सहसा सहा महिने ते वर्ष लागतं, पण जागा होतो आणि घोडी पुढं राहते. वांझ म्हणून विकायला काढलेली घोडी शस्त्रक्रियेनंतर व्याली, असं होऊ शकतं. आपल्याकडे यासाठी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी.

थायरॉइडचा इथं काही संबंध नाही. "थायरॉइड कमी आलाय, म्हणून राहत नाही" असं सांगून गोळ्या सुरू केलेल्या घोड्या मी पाहिल्यात. अंग जास्त झालेल्या म्हाताऱ्या घोडीत तपासायचंच असेल तर इन्शुलिन आणि एसीटीएच तपासा.

गुणसूत्रं कधी

मे-जूनमधले चारही प्रोजेस्टेरॉन खाली, अंग चांगलं, सर्रा नाही, कधी व्यायलेली नाही, दोन्ही बीजांडकोश लहान आणि कितीदा पाहिलं तरी फॉलिकल नाही. अशी घोडी आली की औषधं थांबवा आणि गुणसूत्रं पाहा.

घोडीत ६४ गुणसूत्रं, म्हणजे ३१ जोड्या आणि दोन एक्स. वांझ घोड्यांत सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे एक एक्स नसणं, एकूण ६३. ही घोडी बाहेरून घोडीच दिसते, बहुतेक वेळा चणीनं थोडी लहान. आत हात घातला की बीजांडकोश अगदी बारीक, कधी बोटांना लागतच नाहीत, पिशवी बारीक आणि ढिली. कधी कधी घोड्याला उभी राहते, त्यामुळे आशा सुटत नाही. काही घोड्यांत थोड्या पेशी ६३ च्या आणि थोड्या ६४ च्या असतात, म्हणून प्रयोगशाळेत पाच-सहा नव्हे, निदान वीस-तीस पेशी मोजायला हव्यात. एक्स तीन असले तर ६५.

दुसरा प्रकार एक्सवाय घोडीचा. शरीर घोडीचं, गुणसूत्रं घोड्याची. यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या करणं महत्त्वाचं. एकीत वाय गुणसूत्रावरचा, नर घडवणारा एसआरवाय हा जीन नसतो. ती शांत, वांझ घोडी असते. दुसरीत एसआरवाय असतो, पोटात किंवा जांघेत वृषण असतात, पण शरीर त्यांच्या हार्मोनला दाद देत नाही किंवा अर्धवट देते. ती घोड्यासारखी वागू शकते, आणि टेस्टोस्टेरॉन व एएमएच दोन्ही वाढलेले येतात. कागदावर हा अहवाल थेट ग्रॅन्युलोसाच्या गाठीसारखा दिसतो. फरक सोनोग्राफीत: गाठ असेल तर मोठा बीजांडकोश दिसतो, इथं बीजांडकोशच नसतो. म्हणून नुसत्या रक्ताच्या कागदावर कुणाला ऑपरेशनच्या टेबलवर घेऊ नका.

इथं एक खोच आहे. एसआरवायची पीसीआर, म्हणजे जीन शोधणारी तपासणी, स्वस्त आणि सोपी, शेपटीचे मुळासकट उपटलेले केससुद्धा चालतात. पण ती फक्त एसआरवाय जीन आहे का तेवढंच सांगते. "एसआरवाय निगेटिव्ह" आला म्हणून मालक निश्चिंत होतात, आणि एक एक्स कमी असलेली किंवा वाय असूनही एसआरवाय नसलेली घोडीही निगेटिव्हच येते! एक्स मोजायचे तर जिवंत पेशी वाढवून गुणसूत्रांचा आलेख काढावा लागतो. आणि आकड्यावरही भुलू नये. खेचराचीही गुणसूत्रं ६३ असतात, घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ यांची निम्मी-निम्मी. आलेखात एक्स ओळखणं जमायला हवं. घोडीचा एक्स मोठ्या गुणसूत्रांपैकी एक असतो आणि रंगवल्यावर त्याच्या लांब भुजेवर गडद पट्टा उमटतो. वाय तर अगदी बारकं.

तिसरा प्रकार टिकवत नसलेल्या घोडीचा. पाळी वेळेवर, पिशवी स्वच्छ, वेगवेगळ्या घोड्यांकडून भरवली, दर वेळी गर्भ दिसतो आणि दर वेळी जिरतो. क्वचित अशा घोडीत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. ती स्वतः ठणठणीत असते, पण तिच्या बऱ्याच बीजांत हिशेब चुकतो. हिच्यातही आलेखच लागतो, आणि ही कधीमधी व्यायलेलीही असू शकते.

नमुना पाठवताना

आलेखासाठी हेपरिनची, हिरव्या झाकणाची नळी. पीसीआरसाठी ईडीटीएची, जांभळ्या झाकणाची. दोन्हींची अदलाबदल झाली की आठवडा वाया. हिरव्या नळीत भरल्यावर ती हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, हलवून फेस आणायचा नाही. त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंत पोहोचल्या पाहिजेत, कारण तिकडे त्यांना तीन दिवस वाढवून मग विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतात. बर्फाच्या पाकिटाला नळी थेट चिकटली तर रक्त गोठून पेशी फुटतात. मेच्या उन्हात बसच्या डिकीत ठेवली तर मरतात. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फाचं पाकीट, वर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या, मग नळी, आणि सोमवारी किंवा मंगळवारी पाठवणी, म्हणजे शनिवार-रविवारी वाटेत अडकत नाही. २४ तासांत पोहोचलं तर उत्तम, ४८ च्या आत तरी हवंच.

पाठवण्याआधी फोन करून घोड्याचे नमुने घेतात का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी गुणसूत्रांचं काम वळूंचं चालतं. घोड्यांसाठीची राष्ट्रीय संस्था हिसारला आहे, तिचं केंद्र बिकानेरला. चौकशीची सुरुवात तिथून किंवा आपल्या परभणी-उदगीरच्या महाविद्यालयातून करावी.

अहवाल आल्यावर

एक्स कमी असलेल्या घोडीला औषध नाही. ती वरातीला, स्वारीला उत्तम चालते, फक्त शिंगराची आशा आणि इंजेक्शनांचा खर्च तिथं थांबतो. हा दोष बहुधा अपघातानं घडलेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो, त्यामुळे तिच्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला संशयानं पाहू नका. एसआरवाय असलेल्या, पोटात वृषण असलेल्या घोडीचं वेगळं. ते वृषण काढून टाकावेत, त्यात गाठी होतात आणि स्वभावही निवळतो. हार्मोनला दाद न देण्याचा हा दोष एक्सवर बसून आईकडून येतो. आई धडधाकट दिसते, व्यातेही, पण तिच्या नर गुणसूत्रांच्या शिंगरांपैकी सरासरी निम्मी अशीच निघतात. तेव्हा अशी घोडी ज्या पागेतून आली त्या मालकाला अहवाल पाठवा. तिच्या आईचं आणि बहिणींचं ईडीटीएचं रक्त तपासून मगच पुढं भरवायचं की नाही, ते ठरवता येईल.